चूळ, चूल आणि एनोलेज

एका अक्षराने मी माझ्या धडधाकट आईला मारलं.

खरा दोष माझ्या किडलेल्या दाढेचा. वर्ध्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपण खातो ती साखर तोंडातले जंतूही खातात आणि आम्ल तयार करतात. दात किडतो तो त्यानं. पेस्टमधलं फ्लोराइड जंतूंच्या एनोलेज नावाच्या एन्झाइमला अडवतं, मग आम्ल कमी होतं. फक्त ब्रश झाल्यावर थुंका. लगेच चूळ भरू नका, फ्लोराइड वाहून जातं."

"म्हणजे जंतूंची चूलच विझते!" मी म्हणालो. (मी मराठीचा मास्तर. उपमा दिल्याशिवाय मला खुर्चीवरून उठवत नाही.)

घरी येऊन फर्मान काढलं. सकाळची चूळ बंद! बायकोने मान डोलावली. (तिने माझं ऐकणं केव्हाच सोडलंय.) आई मात्र भडकली.

"माह्या तोंडात दात तरी हाय का? मले काऊन बंदी?"

"नियम तो नियम, माय!"

मग नातेवाइकांचंही भलं व्हावं म्हणून घराण्याच्या ग्रुपवर लिहिलं, 'आजपासून आमच्या घरी चूळ बंद. आई खूप झगडली, पण इलाज नव्हता.' मोबाइलने 'ळ'चा 'ल' करून टाकला. आणि आमच्याकडे घरात मयत झाली की चूल बंद राहते!

दुसऱ्या सकाळी वडनेरहून मोठ्या बहिणीचा फोन आला. माझं तोंड फेसाने भरलेलं.

"बाबू, माय...?" पुढचं काही कळेना. वाटलं, तिला सर्दी झाली असेल.

"हंऽऽ... अंऽऽ..." मी म्हणालो. तिकडे फोनच बंद!

मग ती थेट दारात. सोबत पांढरा सदरा घातलेले भाऊजी. हातात पिठलं-भाकरीचा डबा, कारण मयतीच्या घरी जेवण सोयऱ्यांनी न्यायचं असतं. नेमकी त्याच वेळी आई अंगणातल्या नळावर माझी नजर चुकवून गाल फुगवून चूळ भरत होती.

"माय वोऽऽ!" बहीण किंचाळली.

आई दचकली. अख्खी चूळ भाऊजींच्या सदऱ्यावर!

"काऊन वो बोंबलून राह्यली? कोन मेलं?" आईने विचारलं.

"तूच!"

दुपारपर्यंत माणसं येतच होती. येईल त्याला मी पहिल्यापासून सांगत होतो: साखर, जंतू, एनोलेज, फ्लोराइड, चूळ, चूल. शेजारी पुरावा म्हणून आई बसवलेली. शेवटी घसा बसला. दाढ तर ठणकतच होती. मी मुकाट्याने स्वतःच्या आईच्या मयतीची भाकर पुढे ओढली.

पिठलं वाढता वाढता बहीण म्हणाली, "बाबू, तुह्या दाढेतले जंतू मेले का नाई कोन जाने. पन जित्ती माय मातर मारून ठेवली तुनं!"