मलकापूरचा पिसाळलेला ससा

गोळी आत्ता घालायची की दिवस मावळल्यावरच्या मगरिबच्या नमाजानंतर, एवढंच विचारायला रहीमशेठनी मला बोलावलं होतं.

कापसातली सरकी काढायच्या आपल्या जिनाच्या मागच्या अंगणात ते मांडीवर बंदूक घेऊन बसले होते. समोरच्या पिंजऱ्यात एक लालसर ससा या टोकापासून त्या टोकापर्यंत धडका देत होता. ओसरीवर माळी देवराव बोटाला हळदीचं फडकं बांधून बसला होता. सकाळी गवत टाकताना ससा त्याला चावला होता. नुकतंच बाजारात एक पिसाळलेलं कुत्रं मारलं होतं, त्यामुळे देवरावच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"डाक्टरसायेब, मी मरतो काय जी?"

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी मलकापूरच्या गुरांच्या दवाखान्यात व्हेटरनरी असिस्टंट होतो. बैलाचा सुजलेला खांदा, गाईचं अडलेलं वेत, हे माझं रोजचं काम. सशाची केस पहिलीच.

ससे होते तीन. शेठची धाकटी बहीण अमीनाबी त्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. खोलीतून बाहेर पडत नव्हती. तिचं मन रमावं म्हणून शेठनी मुंबईहून रेल्वेने ससे मागवले. तेव्हापासून ती अंगणात येऊन बसू लागली होती. सगळ्यात लाडकी ही पिंजऱ्यातली लालसर लालीच.

बुलढाण्याचे आमचे इन्स्पेक्टरसाहेब त्या दिवशी इन्स्पेक्शनला आले होते. तेही सोबत होते. म्हणाले, "रिस्क कशाला घेता? शूट करा, मोकळे व्हा."

"सर, मारलं तर देवरावला काय सांगायचं? चावणारं जनावर जिवंत ठेवूनच पाहावं लागतं. ते जगलं तर माणसाला धोका नाही."

"आणि तुम्हाला चावलं तर?"

"मग पिंजऱ्यात मलाही ठेवा."

साहेब हसले नाहीत. बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून अमीनाबीचा आवाज आला, "भाईजान, पहले डॉक्टरसाब को देखने दो."

शेठनी बंदूक भिंतीला टेकवली. "पाहा बाप्पा. पन मले तर ते पिसायलंच वाटते."

देवरावची जखम मी जंतुनाशक कार्बोलिकने धुतली. मग पिंजऱ्याशी बसलो. कॉलेजात असताना आमच्या एका प्रोफेसरांकडे निरनिराळ्या जातीचे ससे होते. त्यांना हिंडताना पाहण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. लालीची जात बेल्जियन हेअर. दिसायला रानातल्या सशासारखी, म्हणून तसं नाव. लांब पाय, पाठीची कमान. इतर ससे पोट टेकून बसतात, ही पायांवर उभी राहते. तिला पळायला जागा लागते आणि आवाजाची धास्ती असते. इथे पिंजरा हातभर, आणि पलीकडे दिवसभर जिनाची घरघर.

मी फाटक लावायला सांगितलं आणि पिंजरा उघडला.

लाली सुटली. भिंतीच्या कडेने सारखी पळत राहिली. जमिनीला पाय लागतात की नाही, असं वाटत होतं. मग लिंबाखाली थांबली. पुढच्या पायांनी तोंड पुसलं. रांजणाखालच्या मातीच्या परळात पाणी होतं, तिथे जाऊन पाणी प्यायली.

देवराव उठून उभा राहिला. "पानी पेली जी?"

"पेली. पिसाळलेल्या जनावराला पाणी गिळवत नाही. तरी काही दिवस नजर ठेवू."

शेठ सावरून बसले. ओसरीच्या कडेला बसलेल्या दुसऱ्या दोन सशांकडे त्यांनी बोट दाखवलं. "मंग ह्या दोघायचं काय? तो काया कानाचा हिमालयन कोनाच्याबी मांडीवर बसते. आन् ही अंगोरा तं शहानी हाय. जागची हालत नाई."

न हलणारी अंगोरा मी उचलली. हिच्या अंगावर लोकर फार. धडधाकट असली तरी चार उड्या मारून बसणारी ही जात. पण ही उडी मारायलाही तयार नव्हती, मागचे पाय ओढत होती. श्वास भराभर चालला होता. मांड्यांमधली लोकर गुंतून तिचा घट्ट नमदा झाला होता, आणि वर मलकापूरचं ऊन.

"कात्री मिळेल का?"

पडद्याखालून शिवणाची कात्री बाहेर आली. मी लोकर उतरवली, ओल्या फरशीवर अंगोराला ठेवलं. जिनाचा भोंगा होईपर्यंत ती उठून चार उड्या मारून हिमालयनजवळ जाऊन बसली. पडद्याआड अमीनाबी हसली. ते ऐकून शेठनी मान दुसरीकडे वळवली.

देवराव रोज उजाडताच लाली जिवंत आहे ना, हे पाहायला यायचा. नजर ठेवायचे दिवस संपले, तरी त्याने ते सोडलं नाही. पुढे लसूणघास तो तिला आपल्या हाताने भरवू लागला. शेठनी मागचं अंगण सशांना देऊन टाकलं. बदली होईपर्यंत दर शुक्रवारी मी तिथे जायचो. अमीनाबी वेलदोड्याचा चहा पाठवायची. तसा चहा पुढे कुठल्याच पोस्टिंगला मिळाला नाही.

इन्स्पेक्टरसाहेब पुन्हा आले तेव्हा एवढंच म्हणाले, "बरं झालं, मी शूट करायला लावलं नाही."

मी "हो सर" म्हटलं. जनावर बिघडलंय म्हणण्याआधी ते मुळात कसं चालतं हे माहीत हवं. आणि सगळे पळणाऱ्याकडे पाहत असले, तर डॉक्टरने गप्प बसलेल्याला आधी हात लावावा.