नानांचा डावा कान

शिरपूरला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो, ते नाना कोणतीही वस्तू कानाने विकत घ्यायचे. माठ घेताना टिचकी सगळेच मारतात. नाना टिचकी मारून डोळे मिटायचे आणि विकणारी बाई कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, तरी उघडायचे नाहीत. टरबूज, घमेलं, दाराची फळी, सगळ्यांना हीच परीक्षा. मी मोठ्या हौसेने नवा मोबाइल घेऊन दाखवायला गेलो, तर त्याच्याही पाठीवर टिचकी पडली. "पोकळ शे," नाना म्हणाले. मी हसलो. पावसाळा संपायच्या आत तो मोबाइल बंद पडला. तेव्हापासून मी नानांना विचारल्याशिवाय नारळसुद्धा फोडत नसे.

शेतातल्या विहिरीवरची मोटार बिघडली की नाना एक लांब पाना काढायचे. त्याचं एक टोक मोटारीवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून उभे राहायचे, डॉक्टर छाती तपासतो तसे. मग निकाल यायचा, "बेरिंग रडी ऱ्हायनी." मी एकदा तोच पाना कानाला लावून पाहिला. मला ऐकू काही आलं नाही, फक्त कानाला ग्रीस लागलं. ते मी शिकवतो त्या वर्गातल्या पोरांनी मला तासाच्या शेवटी सांगितलं.

बायकोसुद्धा त्यांनी अशीच निवडली होती. मुलगी बघायला गेले तेव्हा स्वयंपाकघरातून कुणीतरी कुणाला तरी दरडावत होतं. नानांनी पोहे येण्याआधीच होकार दिला. त्या दरडावणाऱ्या अक्का आता माझ्याकडे तक्रार करायच्या, "मना आवाज आयकीसन लगीन करं, आन आते मी इतली आरडस तरी आयकू येत नही!"

खरंच येत नव्हतं. नानांचा उजवा कान कधीचाच गेला होता आणि डावा उतरणीला लागला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तोवर वापरून घ्या. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून साऱ्या जगाचा आवाज पत्र्यासारखा येतो म्हणून नानांनी ते डबीत घालून ठेवलं. आणि मला खाली बोलावून म्हणाले, "भो, बाजा लेवाना शे. तबकड्यांना."

नानांच्या ट्रंकेत एक छोटी तबकडी होती, सनईची. त्यांच्या लग्नात मांडवातल्या कर्ण्यावर तीच वाजली होती. लग्न झाल्यावर नानांनी कर्णेवाल्याच्या मागे लागून ती विकत घेतली, पण वाजवायचं यंत्र काही घरात आलं नाही. दरवेळी त्याच्या आधी पंप तरी यायचा, नाहीतर एखाद्या पोरीचं लग्न. पुढे ती यंत्रंच बाजारातून गेली. अक्कांना मात्र त्या सनईतला एक सूर आठवत नव्हता. "माले काय विचारतस?" त्या म्हणायच्या. "मी तं नुसती रडी ऱ्हायनथू." नानांना ही गोष्ट फार लागली होती. कान जायच्या आत अक्कांशेजारी बसून ती तबकडी एकदा ऐकायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. म्हणून तो बाजा, म्हणजे टर्नटेबल, निवडायचं काम मी लगेच अंगावर घेतलं. इंटरनेटवर व्हिडिओ पाहून पाहून मी आठवडाभरात तज्ज्ञ झालो. बेल्टवर चालणारं घ्यायचं, सुई धरणारा आर्म सैल नको, सुई भिंगातून बघायची, आणि आपल्या ऐपतीत नवं काही बसत नाही म्हणून जुनंच घ्यायचं. शिरपूर ते जळगाव एसटीत मी नानांच्या डाव्या कानात एवढं ज्ञान ओतलं की पारोळ्याला शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला.

जळगावच्या जुन्या सामानाच्या दुकानात एक देखणं यंत्र होतं. लाकडी पेटी, वर काचेसारखं झाकण, सोबत दोन स्पीकर. मी भिंग काढलं, सुई पाहिली, "हं" म्हणालो. काय पाहिलं ते मला अजून माहीत नाही. दुकानदाराने त्याची एक तबकडी लावली. नानांनी स्टूल डाव्या स्पीकरजवळ ओढलं, डोळे मिटले, आणि सगळं दुकान गप्प झालं. मीही त्यांच्या मागे हात जोडल्यासारखा उभा राहिलो. एवढा मोठा कान ऐकत असताना आपला कान कशाला मध्ये घाला? बऱ्याच वेळाने नाना म्हणाले, "चांगला शे," आणि माझ्याकडे वळून, "तुनं काय म्हननं?" नाना चांगला म्हणतात म्हटल्यावर माझं काय म्हणणं असणार! नंतर कळलं, की मी एवढे व्हिडिओ पाहिलेत म्हटल्यावर नानांनीही स्वतःच्या कानाचा फार आग्रह धरला नव्हता.

घरी सगळं मांडलं. नाना डावीकडे बसले, अक्कांना उजवीकडे बसवलं. मी सनई लावली. नानांचा चेहरा उजळला, तोच अक्का म्हणाल्या, "आठे तं काहीच वाजत नही."

उजवा स्पीकर मुका होता. यंत्राचा आणि नानांचा, दोघांचाही उजवा कान गेलेला.

नानांनी आर्म उचलायला लावला. मी म्हणालो, "नाना, तुमच्या बाजूने येतंय ना? तुम्ही तरी ऐकून घ्या." ते चिडले. "माले एकच कान शे. तुन्या अक्काले दोन शेतस." मग अक्कांकडे बघून म्हणाले, "तू आयकशी तवय मी आयकसू."

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, बाबांनी स्वतः पास केलंय." मग माझी दुरुस्ती सुरू झाली. सुई स्वस्त असते म्हणून आधी नवी सुई मागवली. ती आली, बसवली, उजवा मुकाच. मग आर्मच्या पुढच्या टोकाला जे कार्ट्रिज असतं, ज्यात ती सुई बसते, त्याच्या मागच्या बारीक तारा मी चिमट्याने उलटसुलट केल्या. उजवा स्पीकर बोलू लागला! मी आनंदाने ओरडलो. अक्का उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात नाना शांतपणे म्हणाले, "आते मन्हा गया." आता त्यांचा डावा मुका झाला होता. म्हणजे दोष कार्ट्रिजमध्येच होता. ते मागवलं, तर भलत्याच आर्मचं आलं. परत पाठवलं. दुसरं येता येता कपाशी वेचून झाली.

त्या दिवसांत मी जिना उतरलो की नाना पार्सलचं विचारायचे, "उना का?" मी "नाही" म्हणायचो. आधी साध्या आवाजात, मग मोठ्याने, मग हातवारे करून. शेवटी शेवटी ते विचारायचेच नाहीत, नुसते माझ्या हाताकडे बघायचे.

कार्ट्रिज आलं त्या दुपारी मी ते बसवलं आणि सनई लावली. दोन्ही स्पीकर स्वच्छ बोलले. मी नानांकडे पाहिलं. ते डाव्या स्पीकरजवळ बसले होते आणि वाट बघत होते.

"वाजी ऱ्हायना का?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी मान हलवली. मी आवाज वाढवला, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, नाना वाटच बघत राहिले. मग ते उठले, कोपऱ्यातून विहिरीवरचा तो लांब पाना घेऊन आले. एक टोक लाकडी पेटीवर, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं.

काय पोचत होतं, मला माहीत नाही.

अक्का उजवीकडे बसून दोन्ही कानांनी ऐकत होत्या. "हाई वाजत व्हतं का तवय?" त्या म्हणाल्या. नानांशी इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

सनई संपली. सुई शेवटच्या रेघेत नुसती फिरू लागली, खट्, खट्. नानांचं बोट मात्र थांबलं नव्हतं. मी आर्म उचलायला हात पुढे केला, तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यासनं अजून सरनं नही."