बेटावर जाऊन जाऊन जाणार कुठं?

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात अंदाजपत्रकाशिवाय एक घाससुद्धा गिळला नसेल. अंदाजपत्रक हा माझा मास्तरी शब्द झाला. ते त्याला ‘इस्टिमेट’ म्हणत, कारण पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यावर ते बाबू होते आणि इस्टिमेट मंजूर झाल्याशिवाय आपल्या खात्यात खिळासुद्धा ठोकत नाहीत, असं ते अभिमानानं सांगत. माझी बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणत आलो. तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे दाजींच्या बायकोला, आम्ही सगळे अक्का म्हणायचो. मी मानवतला शाळेत शिकवायचो, त्यामुळं दाजींच्या लेखी मला नाव नव्हतंच. मी नुसता ‘मास्तर’. भेटले की ‘जय भीम, मास्तर’ म्हणायचे आणि लगेच विचारायचे, ‘येताना भाडं किती पडलं?’

लग्नाच्या पंगतीत बसले की ताटाकडं बघण्याऐवजी ते वाढप्याकडं बघत. ‘तिसऱ्या पंगतीला बुंदी कमी पडनार,’ असं माझ्या कानात सांगत, आणि ती पडायची. मग मुलीचा बाप घाबराघुबरा होऊन इकडंतिकडं पळायला लागला की दाजींच्या चेहऱ्यावर खरं निघाल्याचं समाधान दिसे. पण दुसऱ्या क्षणी उठून आपल्या ताटातली बुंदी उरलेल्या माणसांत वाटून टाकायला तेच पुढं असत. गावी ताडकळसला जाताना एस.टी.च्या भाड्याचा टप्पा ओढ्यापाशी बदलतो हे त्यांना पाठ होतं, म्हणून ते ओढ्याच्या अलीकडंच उतरत आणि पुढं उन्हातान्हात डोक्यावर दस्ती टाकून चालत. मागून अक्का चालायची. तिनं एकदाच विचारलं होतं, ‘चपलाचं इस्टिमेट केलंय का ओ?’ पुढच्या खेपेला दाजींनी चपला काढून हातात घेतल्या.

विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. मोर्चे, बंद, मध्येच उभ्या राहिलेल्या गाड्या. आमच्या घराघरातून माणसं मोर्चाला जायची. दाजीही जायचे, पण घोषणा सुरू व्हायच्या आधी ते भाकरी मोजायचे. कोण येणार, कोण परत कधी येणार, मध्ये बंद झाला तर मुक्काम कुठं, सगळ्याचं इस्टिमेट. तेव्हापासून कुठंही निघताना एका दिवसाचं जादा खाणं बांधून घ्यायची त्यांना सवय लागली, आणि त्याला घरात ‘बंदच्या दशम्या’ असं नावच पडलं. पूर्ण्याहून परभणीला कोर्टाच्या कामाला निघाले तरी पिशवीत दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या असायच्याच.

तर असा हा माणूस निवृत्तीला आला, आणि आम्हा सर्वांना धक्का देत म्हणाला, ‘अंदमानला जायचं.’ मद्रासपर्यंत रेल्वेचा पास होता. पुढं रूळ संपतात म्हणून जहाज. हे खूळ मूळचं अक्काचं होतं. तिच्या स्वयंपाकघरात एका किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर निळं पाणी आणि वाकलेली नारळाची झाडं. वर्ष संपलं तरी तिनं ते काढलं नव्हतं. दाजींनी विचारल्यावर ती म्हणाली, ‘यील की. पण म्या तिथं चूल पेटवनार न्हाई. परकरात होते तवापासून फुकायलेय. चार रोज मला कुनीतरी वाढावं, बस.’

एवढीच तिची अट. आयुष्यात तिनं मागितलेली दुसरी कुठलीही गोष्ट मला आठवत नाही. दाजी लगेच म्हणाले, ‘कबूल. चूल न्हाई. स्टो घिऊ.’

आम्ही नवराबायकोही बरोबर जाणार होतो, म्हणून इस्टिमेट मला दाखवण्यात आलं. जहाजाचं तिकीट आणि लॉज सोडले तर खाणं आणि फिरणं असे दोनच भाग. फिरण्यासाठी ठेवलेली रक्कम इतकी किरकोळ होती की मला वाटलं, चुकून एखादं शून्य राहिलं. तसं म्हणालो तर दाजींना माझ्या शिक्षणाची कीव आली. ‘मास्तर, तुमी भूगोल शिकवता ना? बेट म्हंजे काय? चारी बाजूनं पानी. मंग बेटावर मानूस जाऊन जाऊन जानार कुठं? पाय हायत की.’ खाण्याच्या भागात ज्वारीचं पीठ, तांदूळ, डाळ, शेंगाची चटणी, भाजके पोहे, रॉकेलचा स्टो आणि बंदच्या दशम्या. हॉटेलसाठी काहीच नाही. मी अक्काकडं पाहिलं. ती पीठ चाळत होती आणि चाळणी जरा जोरात आपटत होती.

दाजी हॉटेलात खात नसत. ‘परवडत न्हाई,’ म्हणत. लोक त्यांना कवडीचुंबक समजत आणि ते समजू देत. आम्हा घरच्यांना खरं कारण ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. त्यांच्या लहानपणी गावच्या बाजारात चहाचं एक हॉटेल होतं, आणि आमच्या माणसांची कपबशी बाहेर, वळचणीखालच्या कोनाड्यात ठेवलेली असे. आपली आपण घ्यायची, पुढं धरायची, वरून चहा ओतला जायचा, आणि पिऊन झाल्यावर आपली आपण विसळून परत ठेवायची. वडलांना तसं करताना दाजींनी पाहिलं होतं, स्वतःही केलं होतं. पुढं काळ बदलला, निदान स्टेशनावर तरी बदलला, कोनाडे गेले. पण नवीन माणूस शेजारी येऊन बसला की गोड आवाजात विचारायचाच, ‘पाव्हणं, आडनाव काय म्हणलाव?’ आणि आडनाव ऐकल्यावर त्याची बसायची जागा थोडी सरकायची. दाजींना त्या थोड्याशा सरकण्याचा फार राग होता. त्यापेक्षा दशमी बरी.

निघालो. पूर्ण्याहून मीटरगेजनं हैदराबाद, तिथून मद्रास. रेल्वेत जळाऊ तेल न्यायचं नाही हा नियम रेल्वेच्या माणसाला कोण सांगणार? त्यांनी स्टो धुऊन, पुसून, कोरडा करून आणला होता. पण जहाजावर चढताना तिथल्या माणसानं तो बाहेर काढला. दाजी आपल्या हैदराबादी हिंदीत म्हणाले, ‘इसमें तेल नहीं है, साब. सूँघके देखो.’ त्यानं हुंगलं नाही. पावती करून स्टो ठेवून घेतला आणि उतरताना मिळेल म्हणाला. अक्का एकदम हसली. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती इतकी हसलेली नाही.

पण तिचं हसणं टिकलं नाही. जहाजावर खानावळ होती, वास यायचा, लोक रांगेत उभे राहून जेवायचे, आणि आमच्यात दाजी दशम्या वाटायचे. चटणी अप्रतिम होती यात शंका नाही. तरी तिसऱ्या दिवशी दशमी चावताना अक्का समुद्राकडं पाठ करून बसलेली होती. मी म्हणालो, ‘अक्का, बघा तर किती निळं आहे.’ ती म्हणाली, ‘दिसायलंय की.’

पोर्ट ब्लेअरला उतरलो आणि स्टो परत मिळाला. जेट्टीजवळ लॉजमध्ये सामान टाकून दाजी रॉकेल आणायला गेले. दुकानदारानं रेशन कार्ड मागितलं. दाजींनी ते काढून दिलं, कारण रेशन कार्डाशिवाय ते घराबाहेर पडतच नसत. दुकानदारानं ते उलटं सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘पूर्णा? ये कौन-सा टापू है?’ तेल मिळालं नाही.

लॉजवर येऊन त्यांनी तीन दगड आणि नारळाच्या झावळ्यांचा विचार मांडला. अक्का फक्त म्हणाली, ‘चूल न्हाई म्हनलाव ना?’ दाजी शब्दाचे पक्के. त्यांनी केळी आणली.

फिरण्याच्या इस्टिमेटचंही तेच झालं. परभणी जिल्ह्यात माणूस सपाटीवर वाढतो. तिथं रस्ता म्हणजे एक तर चढ नाही तर उतार. बायका दमल्या, माझ्या पायात गोळे आले. दाजी पुढं होऊन ‘ह्ये काय, आलंच’ म्हणत राहिले. संध्याकाळी जेट्टीवर कळलं की कॅलेंडरातल्यासारखा किनारा पाहिजे असेल तर दुसऱ्या बेटावर जावं लागतं, त्याला बोट लागते, आणि बोटीला तिकीट. ‘अजून बेट?’ दाजींनी विचारलं. तिकीट देणाऱ्यानं हातानं सगळीकडं दाखवलं. दाजी माझ्याकडं वळले. ‘मास्तर, ह्ये येक बेट न्हाई ओ. ह्यो तर पुरा सेक्शन हाय, ठेसनं लागलेली.’ भूगोलाच्या मास्तरानं हे आधी का सांगितलं नाही, असा त्यांच्या नजरेत आरोप होता. आमच्याच बेटावरचा किनारा पाहायचा ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिथवर चालत गेलो आणि चालत परत यायला निघालो. पोटात पुन्हा केळी आणि भाजके पोहे. परतीचं जहाज उद्यावर आलं होतं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक जेवणाचं हॉटेल लागलं. आत बाकडी, भाताची वाफ, तळलेल्या मासळीचा वास. अक्का थांबली. ‘आज म्या शिजवनार न्हाई, उपाशी बी ऱ्हानार न्हाई,’ ती म्हणाली आणि पदर सावरून सरळ आत शिरली. मागोमाग माझी बायको.

दाजी बाहेर पत्र्याच्या सावलीत उभे राहिले. ‘तुमी जावा, मास्तर. मला भूक न्हाई.’ बोलताना नजर मात्र आतल्या भाताच्या वाफेकडं होती. मी आत जाऊ शकलो नाही आणि त्यांना ओढूही शकलो नाही. दोघंही तसेच उभे. आतून अक्कानं हाक मारली नाही. तिनं मान वळवून फक्त पाहिलं, आणि समोरचं ताट तसंच ठेवून बसून राहिली.

तेवढ्यात हॉटेलवाली पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. पन्नाशीची, काळीसावळी, बंगाली की रांचीकडची, आम्हाला कळलं नाही. ‘बाहर काहे को खड़े हो? कहाँ के हो?’ दाजींना वाटलं, आला तो प्रश्न. त्यांनी छाती पुढं काढली आणि हजेरी दिल्यासारखं स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव ताडकळस, जिल्हा परभणी, सगळं एका दमात सांगून टाकलं. आडनाव तर दोनदा सांगितलं. आणि तिच्याकडं बघत राहिले.

ती बाई म्हणाली, ‘इतना लंबा नाम! मछली खाते हो कि नहीं?’

एवढी तयारी केलेला प्रश्न पेपरात आलाच नाही, अशी दाजींची अवस्था. मीच म्हणालो, ‘खाते हैं, खाते हैं.’ तिनं पेला त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली. दाजी पेल्याला तोंड लावून पाणी प्यायले आणि तिच्या मागं गेले.

आत जाऊन ते अक्काशेजारी बसले. कुणी सरकलं नाही; शेजारचा खलाशी उलट ‘मीठ इकडं द्या’ अशी खूण करून आणखी जवळ आला. अक्कानं मग पहिला घास घेतला. हॉटेलवाली तिला भात वाढत होती, नको म्हटलं तरी वाढत होती, आणि अक्का नको म्हणत ताट पुढं करत होती. दाजी खाली मान घालून जेवले. एकदाही भाव विचारला नाही. जेवण झाल्यावर ते उठले, आपलं ताट आणि पेला उचलला आणि मागच्या नळाकडं चालू लागले. आपण काय करतोय हे त्यांना कळतही नव्हतं. हातांना जुनं शिकवलेलं आठवत होतं. हॉटेलवालीनं ते पाहिलं आणि पुढं होऊन त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं. ‘ये हमारा काम है, बाबूजी. आप बैठो.’

दाजी बसले. दस्तीनं तोंड पुसू लागले. तोंड पुसायला इतका वेळ लागत नाही. अक्कानं त्यांच्याकडं न बघता आपल्या ताटातला मासळीचा उरलेला तुकडा खाऊन संपवला.

परत आल्यावर पूर्ण्यात बायका अक्काला विचारायच्या, समुद्र कसा असतो? ती सांगायची, ‘एका बाईनं मला लय आग्रह करून वाढलं.’ समुद्राबद्दल तिनं एक अक्षर सांगितल्याचं मला आठवत नाही. पुढं तीनचार वर्षांत ती आजारी पडली आणि गेली.

दाजी आता थकलेत, लेकाकडं असतात. मध्यंतरी भेटायला गेलो होतो. चहा झाला, जुन्या माणसांची विचारपूस झाली, आणि एकदम, मी काही काढलेलं नसताना, ते म्हणाले, ‘मास्तर, म्या परत हिशोब करून बगितला. आपन तिथं पैल्या दिसापासनं हॉटेलात जेवलो असतो ना, तरी बी इस्टिमेटात बसत व्हतं.’

मी म्हणालो, ‘हो, दाजी.’

‘आरामात बसत व्हतं,’ ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.