गिरणीच्या तळ्याकडे जायची वाट

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीमागे गिरणीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे तळे. गिरणी चालू असताना ते पाणी बॉयलरला लागे. संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तळ्यावर जलपर्णी पसरली, पाणी नाल्यात उतरायचे ते तोंड बुजले आणि पावसाळ्यात तेच पाणी तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत येऊ लागले.

काही वर्षांनी एक समिती आली. तळे साफ करायचे आणि काठावर इथल्याच मातीतली झाडे लावायची, भेंड, करंज, उंबर. गिरणीचे व्यवस्थापन जागा उघडून देणार होते. तो नाला पुढे समुद्राला मिळतो म्हणून वरळी कोळीवाड्यातली मंडळी जाळी घेऊन जलपर्णी ओढायला येणार होती. चाळीने श्रमदान करायचे होते. समितीच्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. चाळीच्या सभेत त्यांनी सरळ सांगितले, "तळं मेलेलं दिसलं की बुजवायची परवानगी लगेच मिळते. जिवंत दिसलं तर अवघड जातं."

हे सर्वांना पटले. मग त्या म्हणाल्या, "रविवारी सकाळी मेन गेटवर जमू. मॅनेजरसाहेब स्वतः येणार आहेत. फोटोग्राफरही आहे."

लोक माझ्या वडिलांकडे बघू लागले.

माझे वडील त्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संप सुरू झाल्यापासून त्यांनी त्या गेटच्या आत पाऊल टाकले नव्हते. संप मागे घेतल्याचे कुणी जाहीर केले नव्हते, त्यामुळे त्यांच्या लेखी तो चालू होता. संपात जो गेटमधून आत गेला, तो फुटला असे मानत. चाळीत तो नियम अजून मोडलेला नव्हता.

"फोटो कशाला, बाई?" वडिलांनी विचारले.

"पेपरात देऊ. लोकसहभाग दिसायला हवा."

"कुणाला?"

बाईंना प्रश्न कळला नाही. वडिलांच्याच खात्यातले शेजारचे काका म्हणाले, "अहो, उद्या हाच फोटो कोर्टात लावतील. बघा साहेब, कामगार कसे हसत हसत आत चाललेत."

"हातात फावडं असेल ना, काका," मागून कुणीतरी म्हणाले.

"मग तर झालंच. फुकट राबायला तयार आहेत म्हणतील."

लोक हसले, पण येतो असे कुणी म्हणाले नाही.

घरी आईने विषय काढला. "पाणी आपल्या खोलीत शिरतं, मॅनेजरच्या नाय. तुमचा संप त्या पाण्याला सांगा जरा."

"मॅनेजरला तळ्याचा पुळका कधीपासून आला, ते सांग आधी," वडील म्हणाले. मी तेव्हा नुकताच एका वर्तमानपत्रात लागलो होतो. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तू काढ शोध."

मी विचारपूस केली. गिरणीचा अधिकारी शेजारधर्माबद्दल बोलला. त्या जागेचे पुढे काय होणार, हे समितीला माहीत नव्हते. वडिलांच्या संशयाला पुरावा मिळाला नाही. तो संशय चुकीचा आहे याचाही मिळाला नाही. मी तसे सांगितले.

"म्हणजे बातमी नाही," ते म्हणाले.

रविवारी कोळीवाड्यातली मंडळी जाळी खांद्यावर टाकून गेटमधून आत गेली. तो संप त्यांचा नव्हता. चाळीतले कुणी गेटवर नव्हते. वडिलांनी फावडे घेतले आणि ते संडासांच्या मागे गेले. तिथे भिंत खचून भगदाड पडले होते. ते वाकून पलीकडे गेले.

"चोरासारखा कुठून जातोस रे?" काकांनी विचारले.

"चोराला फोटोची भीती असते. मलाही आहे. ये."

काका गेले. मग बाकीचे गेले. आई घमेले घेऊन गेली.

बाई धावत आल्या. "तुम्ही आत आलात कुठून? आम्ही गेटवर थांबलोय."

"आम्ही गिरणीत नाही आलो, बाई," वडील म्हणाले. "तळ्यावर आलोय."

फोटोग्राफर तळ्यावर आला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ केली. मी ते फोटो नंतर पाहिले. कोळीवाड्यातल्या लोकांचे चेहरे दिसतात, चाळीतल्यांच्या पाठी. दुपारपर्यंत नाल्याचे तोंड मोकळे झाले आणि काळे पाणी उतरू लागले. रोपे लागली. भेंडाचे एक रोप वडिलांनी तळ्याच्या बाजूने, चाळीकडच्या भिंतीलगत लावले.

आठवड्याभरात भगदाड विटांनी बुजवले गेले. कारण सुरक्षेचे सांगितले. झाडांना पाणी घालायला गेटवर पास मिळेल, असा निरोपही आला.

"बघितलंस?" वडील म्हणाले. माझ्या मते ती भिंतीची दुरुस्ती असू शकत होती. त्यांच्या मते तो पुरावा होता.

उन्हाळ्यात रोपे सुकू लागली. वडिलांनी पास घेतला नाही. त्यांनी रबरी नळी आणली, सकाळी नळाला पाणी आले की ती जोडत आणि टोक भिंतीवरून पलीकडे सोडत. त्यांना तिकडचे काहीच दिसत नसे. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून सांगायचो.

"डावीकडे. अजून. हां, बुंध्यात पडतंय."

"पानं आहेत?"

"नवी फुटलीत."

"तळ्यात पाणी?"

"आहे. एक बगळा बसलाय."

"आणि मॅनेजर?"

"कुणी नाही."

"असेल कुठंतरी," ते म्हणाले, आणि नळी तशीच धरून उभे राहिले.