कुंपणापलीकडचा वर्ग

प्रथम तथ्ये, घडली त्या क्रमाने. प्राचार्य धनसिंग आडे यांनी सेनगावजवळ ‘हातविद्या कार्यशिक्षण संस्था’ सुरू केली. शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचे शिक्षण तेथे प्रत्यक्ष कामावर दिले जाते. संस्थेला रीतसर मान्यता होती. मी तेथे प्रथम बहिःस्थ परीक्षक म्हणून गेले आणि पुढे संस्थेच्या सल्लागार मंडळावर आले. गेल्या सोयाबीनच्या हंगामात मान्यता समिती तपासणीला आली. समितीला वर्ग रिकामा दिसला. मान्यता काढून घेतल्याचा आदेश आला. त्या वेळी शिकत असलेल्या तुकडीची अंतिम परीक्षा त्यामुळे थांबली. सरांनी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. त्या पत्राला उत्तर आलेले नाही. आणि या वर्षी सर वयाची साठ वर्षे पूर्ण करीत आहेत.

त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला आठवणी लिहावयास सांगितले, आणि आदेशाचा उल्लेख टाळता आला तर बरे, असेही सुचवले. तो टाळता येत नाही. सरांचे मोठेपण ज्या गोष्टीत आहे, तिच्याच पायी संस्थेची मान्यता गेली. एक लिहून दुसरे गाळणे हा गौरव नव्हे, सजावट होय.

परीक्षक म्हणून मी जेथे जेथे गेले, तेथे माझे स्वागत शाल, नारळ आणि आधी पाठ करून घेतलेल्या उत्तरांनी झाले. सरांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी मला कार्यशाळेत एका लाकडी बाकावर बसवले. समोर एक बंद पडलेले मळणीयंत्र होते आणि त्याचा मालकही होता. मी प्रशिक्षणार्थ्याला यंत्र उघडण्यास सांगितले. त्याने पान्याला हातही लावला नाही, सरांकडे पाहिले.

“मॅडम, आधी मालकाचं ऐकायचं, अशी आमच्याकडे रीत आहे,” सर म्हणाले. “त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत आमच्या मुलांना पाना मिळत नाही.”

मालक बराच वेळ बोलले. त्यात यंत्राविषयी थोडे आणि व्याह्यांविषयी पुष्कळ होते. तरीही ‘पट्टा पहिल्यांदा सुटला तवा ओलं सोयाबीन घातलं व्हतं’ हे वाक्य त्यातूनच निघाले आणि बिघाडाचा उलगडा झाला.

दुरुस्तीनंतरची रीत याहून कडक आहे. काम झाले की प्रशिक्षणार्थ्याने मालकाला लेखी उत्तर द्यायचे: काय बिघडले, का बिघडले, आपण काय केले, पुढे काय जपावे. खाली स्वतःची सही. मालकाला वाचता येत नसेल तर आधी वाचून दाखवायचे आणि मग कागद हाती द्यायचा. तोंडी सांगून मोकळे होण्याची सवलत कोणालाच नाही. माझ्यासमोरच एकाने ‘बेअरिंग खराब झाले’ एवढेच लिहून आणले. सरांनी कागद परत केला.

“खराब झालं हे मालकालाबी दिसतंय. काहून झालं?”

तो मुलगा घुटमळला. “सर, मागच्या वेळंला ग्रीस मीच भरलं व्हतं. कमी पडलं.”

“मंग तसं लिव्ह.”

त्याने तसे लिहिले आणि मालकासमोर उभे राहून वाचून दाखवले. मालक हसले. “आता मशीन याच्याकडंच देत जाईन. दुसरे समदे म्हणतेत, कंपनीचीच चूक हाय.”

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गांना मी अनेक वर्षे शिकवले आहे. कारणमीमांसेची इतकी सरळ परीक्षा मी अन्यत्र पाहिलेली नाही, आणि अशा बाबतींत माझे मत सहसा उदार नसते.

सर स्वतः अभियंते आहेत. त्यांचा जन्म सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरचा. शिक्षण पुरे करून त्यांनी मोठ्या कारखान्यात नोकरी केली आणि ती सोडून ते परतले. परतण्याचे कारण मी एकदा विचारले होते. त्यांनी दिलेले उत्तर भाषणात घालण्याजोगे मुळीच नव्हते: “तिथं यंत्र बिघडलं तर यंत्राचा मालक मला कधी दिसायचाच नाही.”

आता तपासणीचा दिवस. सल्लागार म्हणून मी हजर होते. समिती वाटेत असतानाच संस्थेच्या कुंपणापलीकडचे शेतकरी शेषराव तारेजवळ येऊन उभे राहिले.

“सर, मशीन बसलं बगा. आभाळ भरून येऊन राहिलं, अन् सोयाबीनची गंजी समदी उघडी हाय.”

हंगामात यंत्र बंद पडले की सगळी तुकडी जागेवर न्यायची, हा संस्थेचा शिरस्ता. काहींनी यंत्र पाहायचे, बाकीच्यांनी ताडपत्री धरायची. पण मालकाचे ऐकणे मात्र सर्वांनी. लिपिक श्री. कुलकर्णी यांनी सरांना अक्षरशः हात जोडले.

“सर, आजच्या दिवस पोरं वर्गात बसू द्या. साहेब लोक येऊन राहिलेत.”

“अन् शेषरावांना काय सांगू? समिती चहा पिऊन जाईस्तोवर पावसाला थांबवा?”

अर्धी तुकडी मागे ठेवा, असे मी सरांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकले नाही. ते त्यांनी ऐकायला हवे होते, हे माझे मत आजही कायम आहे. मालकाचे बोलणे निम्म्याच मुलांनी ऐकले तर निम्मा वर्ग बुडतो, एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी मुलांना कुंपणापलीकडे धाडले.

समिती आली. स्वच्छ फळा, ओळीने लावलेले बाक, आणि माणूस एकही नाही. अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली.

“प्राचार्य, तुमचे विद्यार्थी अस्तित्वात तरी आहेत ना?”

“आहेत साहेब. कुंपणापलीकडे आहेत. चला, दाखवतो. गाडीसुद्धा नको.”

“आम्ही वर्ग पाहायला आलो आहोत, शेत नाही.”

तेवढ्यात पलीकडे मळणीयंत्र धडधडू लागले. आधी अडखळत, मग एका लयीत. सर खिडकीपाशी गेले आणि वळून म्हणाले, “साहेब, हा आवाज येतोय ना? हेच आमचे विद्यार्थी.”

“आवाज आम्हाला नोंदवता येत नाही,” अध्यक्ष म्हणाले.

समितीतील एकही सदस्य खिडकीपर्यंत आला नाही. नियमावली मीही वाचली आहे आणि त्या सदस्यांपैकी काहींपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचली आहे. प्रत्यक्ष कामावरील शिक्षण पाहू नये, असे तीत कोठेही लिहिलेले नाही. न पाहण्याचा निर्णय त्या सदस्यांचा होता. तो आळसाचा होता, आणि त्याला दुसरे नाव देण्याचे मला कारण दिसत नाही.

मात्र एक आक्षेप योग्य होता, तोही नोंदवते. शेतावरच्या कामाची हजेरी वेगळी ठेवली जात नव्हती. ती ठेवा, असे मी सरांना वारंवार सांगितले होते. ‘पोरं दिसतात की डोळ्यांना’ हे त्यांचे उत्तर पुरेसे नव्हते. आदेश आल्यावर सरांनी ती हजेरी सुरू केली आणि सल्लागार मंडळाच्या बैठकीत स्वतःच सांगितले, “यात समितीचं बरोबर होतं. मी हेळसांड केली.” मान्यता गमावलेल्या संस्थेचा प्रमुख समितीचे काय बरोबर होते हे आधी सांगतो, असा प्रसंग माझ्या अनुभवात दुसरा नाही.

आदेशाची प्रत त्यांनी स्वतः फाटकावर लावली. तुकडीच्या पालकांना बोलावून घेतले. ‘काही तांत्रिक अडचण आहे’ असे सांगण्याचा सल्ला त्यांना एकाहून अधिक जणांनी दिला होता. सरांनी आदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तुकडीतील मनीषा पवार हिचे वडील उठून उभे राहिले.

“सर, मंग आमच्या लेकरानं वरीसभर काय केलं? कागदच न्हाई तर कंपनीवाले दारात उभं करतील का?”

“न्हाई करणार,” सर म्हणाले.

मनीषाच पुढे म्हणाली, “बाबा, सरांनी खोटं सांगितलं असतं तर तुमी घरी जाऊन निवांत झोपले असते. तसं पायजे व्हतं का?”

“तू गप बस. लई वकील झाली.” वडील खाली बसले, पण जाताना सरांपाशी थांबले. “पोरगी उद्यापासून येऊ का नको?”

“येऊ द्या. शिकवायचं बंद करा असं आदेशात लिवलेलं न्हाई.”

ती येते. सारी तुकडी येते. सर शिकवतात.

त्यानंतर सरांनी कार्यालयाला लिहिलेले पत्र मी वाचले आहे. त्यात संस्थेसाठी एक अक्षरही मागितलेले नाही. ‘संस्थेची मान्यता आपण ठेवू नये असे आपले मत असेल तर तसे असो, परंतु या तुकडीने आपला अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. आपण आपलेच परीक्षक पाठवावेत, आपलीच यंत्रे आणावीत, परीक्षा आपण म्हणाल तेथे घ्यावी.’ पत्रात मी दोन ठिकाणी विरामचिन्हे बदलली. आशयात बदलण्याजोगे काही नव्हते.

उत्तराची चौकशी करण्यास सर हिंगोलीला गेले, तेव्हा मी सोबत होते. टेबलापलीकडचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, “होऊन जाईल सर. तोंडी सांगतो ना, काळजी करू नका.” सर उठले, नमस्कार केला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मॅडम, आपल्या पोरांनी शेषरावाला असं सांगितलं असतं, तर मी त्यांच्या हातात परत पाना दिला नसता.”

व्यक्तिगत जिव्हाळ्याविषयीही लिहिले पाहिजे. माझ्या आई अंथरुणाला खिळलेल्या असताना ऐन उन्हाळ्यात घरचा पाण्याचा पंप बंद पडला. मी कोणाला कळवले नव्हते. तरी कोठूनसे कळून सर हत्यारांची पेटी घेऊन दारात उभे राहिले. पंप दुरुस्त केला, आईंच्या उशाशी बसून त्यांच्याशी तांड्यावरच्या गप्पा मारल्या, आणि निघताना माझ्या हाती कागद ठेवला. ‘पंपात दोष नव्हता. टाकी कोरडी असताना तो चालवण्यात आला. मालकांनी पाणी पाहून बटण दाबावे.’ खाली सही. आई कितीतरी दिवसांनी हसल्या. तो कागद माझ्या घरी पंपाच्या बटणाशेजारी लावलेला आहे.

सरांना दीर्घ व निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे तार ओलांडण्याइतके मजबूत राहोत, कान मालकाचे सारे बोलणे ऐकण्याइतके तल्लख राहोत, आणि ‘काहून?’ हा प्रश्न विचारणारा त्यांचा आवाज पुढच्या अनेक तुकड्यांना ऐकू येवो.

तथापि, ही शुभेच्छा केवळ सरांच्या प्रकृतीवर अवलंबून नाही. पुढच्या तुकड्या यायच्या तर आधी या तुकडीचा प्रश्न सुटला पाहिजे. म्हणून या ग्रंथाची एक प्रत संपादकांनी संबंधित कार्यालयाला पाठवावी, असे मी त्यांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. ती प्रत उघडणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून पुढील मजकूर आहे.

मनीषा पवार आणि तिच्या तुकडीची परीक्षा आपण घेणार आहात की नाही? संस्थेतला नवखा प्रशिक्षणार्थीही ज्या क्रमाने उत्तर देतो, त्याच क्रमाने आपण द्यावे: काय बिघडले, का बिघडले, आपण काय केले, पुढे काय जपणार. तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही. उत्तर लेखी द्यावे, आणि खाली सही करावी.