चोरून ऐकलेलं लेक्चर

आमच्या कॉलेजात पोरं लेक्चर बुडवायला भिंतीवरून उड्या मारायची. लेक्चरला चोरून बसणारी येडी मी एकटीच.

चंदगडहून कोल्हापुरात शिकायला आले ती खेळाच्या राखीव जागेवर. खेळ मोबाइलवरचा. पाच जणांनी मिळून समोरच्या पाचांना गोळ्या घालायच्या. शाळेपासून नाद होता, हात बरा चालायचा. कॉलेजनं टीम काढली, मला घेतलं, फी माफ केली, हॉस्टेलला खोली दिली. गावात केवढं कौतुक! मलाही वाटलं, चला, खेळता खेळता शिकणं होईल. कसलं काय! दिवसभर सराव, आणि वर्गात हजेरी मात्र आपोआप लागलेली.

आमचे क्रीडाशिक्षक जुने कबड्डीवाले. या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी मैदानाला चकरा मारल्याशिवाय मोबाइल हातात देत नसत. म्हणे, दम वाढला पाहिजे. आता अंगठ्यांना कसला दम?

दुसऱ्या वर्षी मला संख्याशास्त्राची गोडी लागली आणि खेळाचा वीट आला. त्याच बंदुका, तोच नकाशा, कानात तीच ओरड. नको नको व्हायचं. मग पोट दुखतंय सांगून सटकायची आणि वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची. एकदा बाईंनी बघितलंच. म्हणाल्या, तुझी हजेरी लागलीय की, कशाला आलीस? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेवढ्यात खेळाचे सर दारात हजर. त्यांच्या मागून जाताना मी सरळ सांगून टाकलं, मला खेळ सोडायचाय. ते चिडले नाहीत. म्हणाले, सोड, पण फी आणि खोली खेळाची आहे, तुझी नाही. घरी विचारून ये.

शनिवारची एसटी धरून गाव गाठलं. आबा, म्हणजे माझे वडील, नुसतं 'बघू काहीतरी' म्हणाले असते, तरी मी सोमवारी टीम सोडणार होते. ते अंगणात काजू वाळत घालत होते. मी चप्पलही काढली नाही.

"आबा, मला आता खेळायचं न्हाय. नुसतं शिकायचं हाय."

आबा रागावले असते तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. पण ते मायेनं बोलले.

"मग सोड की. घरला ये. आजऱ्याच्या काजू कारखान्यात पोरी घ्यायला लागल्यात. खेळच सोडलास, तर तिथं ऱ्हाऊन करणार काय?"

शिकणं त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मी म्हटलं, गंमत केली ओ.

आबांचा चेहरा खुलला. दाखव तरी म्हणाले, कसं खेळतीस ते. मी शेजारी बसले, मोबाइल काढला. समोरचा पडला की आबा मांडीवर थाप मारायचे, आईला हाका मारून बोलवायचे. माझ्यावर एवढं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी एकेकाला पाडत होते. थांबायची सोयच नव्हती.