बंद करूनच जोडायचं

जगात कुठलीही वस्तू विनाकारण बिघडत नाही, यावर इतकी गाढ श्रद्धा असलेला दुसरा माणूस सोलापूर जिल्ह्यात नसेल. पलीकडच्या जिल्ह्यांचं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण तिथेही असेलसं वाटत नाही. हा माणूस माझ्या बायकोचा सख्खा मामा, म्हणजे माझे मामेसासरे. त्यांनी उभा जन्म होटगी जंक्शनवर रेल्वेचे सिग्नल सांभाळले आणि आता निवृत्त होऊन सोलापुरात सात रस्ता चौकाच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांत मामींबरोबर राहतात. दूध नासलं तर मामी ते ओतून पातेलं घासायला घेतात, आणि मामा त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेऊन कारण शोधतात. ‘नशीब’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मला ठसका लागला. सगळे पाणी पाणी करत असताना मामा शांतपणे म्हणाले, ‘‘जावईबापू, ठसका उगीच लागत न्हाय. शेंगाची चटनी तुमी कोरडीच तोंडात टाकलीसा. मी बगत हुतो.’’ बघत होते तर आधी का बोलले नाहीत, हे विचारण्याइतका श्वास तेव्हा माझ्याकडे नव्हता.

सिग्नलच्या खात्यात एक रिवाज असतो. रूळ बदलणाऱ्या यंत्राचं झाकण उघडायचं तर आधी स्टेशन मास्तरांना लेखी मेमो द्यायचा, की हे यंत्र मी आता तोडतो आहे. त्यांची सही झाली की मग पाना हातात घ्यायचा. काम संपलं की दुसरा मेमो, की यंत्र जोडलं, तपासलं, आता गाडी सोडायला हरकत नाही. निवृत्तीनंतर हा रिवाज मामांनी घरी आणला आणि स्टेशन मास्तरांच्या जागी मामींची नेमणूक केली, अर्थात त्यांना न विचारता. ट्यूब बदलायची असली तरी मेमो, मिक्सरचं भांडं घट्ट बसत नसलं तरी मेमो. एकदा ऐन एप्रिलमध्ये त्यांनी पंखा खाली काढला, साफ केला, तेल घातलं आणि परत बसवला. पण मधल्या वेळात दोघांचं कशावरून तरी बिनसलं आणि मामींनी दुसऱ्या मेमोवर सही करायचं नाकारलं. मी गेलो तेव्हा पंखा जागेवर, बटण हाताशी, आणि मामा घामाने निथळत पेपरने वारा घेत बसलेले. ‘‘लावा की बटण,’’ मी म्हटलं. ‘‘सही न्हाय,’’ मामा म्हणाले. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी भोगला आहे त्यांना या दोन शब्दांतला त्याग कळेल. दुपार कलली, स्वयंपाकघरातून येऊन मामींनाच उकडायला लागलं, तेव्हा कुठे सही झाली.

अशा माणसाकडे लिनक्सचा कॉम्प्युटर असावा हे ओघानेच आलं. बदली होऊन जाताना एका साहेबांनी आपलं जुनं खोकं त्यांना देऊन टाकलं, त्यात नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स होतं, आणि मामांना ते पहिल्या दिवसापासून मनापासून आवडलं. चालू करताना काळ्या पडद्यावर भराभर ओळी सरकतात आणि प्रत्येक ओळीपुढे हिरव्या अक्षरांत ‘ओके’ उमटतं. मामा तेवढा वेळ सावधान बसतात. ‘‘बगा, एकेक जन हजेरी देतोय. आन एकादा न्हाई आला तर का न्हाई आला, त्येबी सांगतंय. तुमच्या कॉम्प्युटरवर नुसतं चाक फिरत ऱ्हातंय. चाक फिरतंय म्हंजी गाडी निगाली, असं असतंय व्हय?’’ मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं असा नातेवाइकांचा समज आहे. मामांचा तो समज पहिल्या भेटीतच गेला, पण इतर कुणी ऐकून घेणारं नसल्याने त्यांनी मला चालवून घेतलं.

प्लेअरची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. हा खिशात मावणारा, काडेपेटीहून जरा मोठा म्युझिक प्लेअर मामांनी निवृत्तीच्या वर्षी घेतला होता. त्यात आवाज रेकॉर्डही करता येई. मामांचे थोरले भाऊ, अण्णा, दुधनीला राहतात. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला, आणि ओव्या म्हणाव्यात तर त्यांनीच, असं त्या भागात म्हणतात. दुधनी म्हणजे कर्नाटकाची वेस, त्यामुळे अण्णा अर्धी ओवी मराठीत म्हणत आणि रंगात आले की उरलेली कानडीत. त्याबद्दल कुणी हटकलं तर म्हणत, ‘‘बिरोबाला दोनी येतंय.’’ तर एका जत्रेच्या वेळी मामा हा प्लेअर घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि बिरोबाच्या जन्माची कथा रेकॉर्ड करून आले. ते रेकॉर्डिंग पुढे कित्येक वर्षं तसंच, न ऐकता, प्लेअरमध्ये पडून राहिलं. मग दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा अण्णांच्या बायकोने मामांना उंबऱ्यातच गाठलं. ‘‘भावजी, घर मुकं झालंय ओ. तुमच्या त्या डबीत तेंचा आवाज हाय न्हवं? तेवडा आनून द्या की.’’ मामांनी डबी खिशातूनच आणली होती. पण अण्णांच्या कानात इअरफोन घातला की ते डाव्या हाताने उपटून टाकत. शिवाय प्लेअरची बॅटरी म्हातारी झाली होती, पाच-सात मिनिटं चालून मान टाकायची. ती कायमची गेली की आवाजही गेला. तेव्हा रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि मोठ्या स्पीकरवर अण्णांना ऐकवायचं, असं ठरलं. मामा म्हणाले, आठ दिवसांत घेऊन येतो.

आठ दिवसांचे चार महिने झाले. वायर जोडली की प्लेअरच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र येई, आणि कॉम्प्युटर मात्र आपल्याला काही जोडलंच नाही अशा थाटात ढिम्म. मामांनी वही सुरू केली. तारीख, वायर कुठली, कॉम्प्युटरला हुकूम कुठला दिला, निकाल काय आणि शेवटचा रकाना ‘कारण’. ग्रंथालयात येऊन ते माझ्या टेबलावर इंटरनेटवरचे हुकूम कागदावर उतरवून घेत, घरी जाऊन एकेक अक्षर तपासून टाइप करत, आणि निकालाच्या रकान्यात ‘दिसत नाही’ असं लिहीत. कारणाचा रकाना पानामागून पान कोरा राहिला आणि तोच त्यांना खात होता. जेवताना घास हातात धरून थांबायचे. मी एकदा सुचवलं, की इअरफोनला मोबाइल लावून रेकॉर्ड करून घेऊ. ‘‘उष्टं?’’ मामांनी एवढंच विचारलं. मी विषय बदलला.

सात रस्त्यावरच्या एका दुकानातही आम्ही गेलो. दुकानदाराने आपल्या कॉम्प्युटरला प्लेअर लावला, त्यालाही काही दिसेना. तो म्हणाला, ‘‘चाचा, इसको रिसेट मारना पडेगा. अंदर का सब जाएगा, लेकिन चालू हो जाएगा.’’ मामांनी काउंटरवरून प्लेअर असा उचलला, की बिचारा दुकानदार दोन पावलं मागे सरला. त्यानंतर त्यांनी प्लेअर दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. शेवटचा उपाय म्हणून माझ्याच टेबलावरून इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका मंचावर त्यांनी आपली अडचण मांडली, तीही रेल्वेच्या इंग्रजीत. वर विषय, खाली संदर्भ, मग मुद्दे क्रमांकाने, आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. दुसऱ्याच दिवशी कुण्या परक्या मुलखातल्या भल्या माणसाचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘जोडताना प्लेअर चालू असतो ना?’ मामांना ते भलतंच लागलं. ‘‘मला इचारतोय! मला!’’ असं म्हणून त्यांनी ते पान बंद केलं आणि परत उघडलं नाही. मीही त्यांच्याच बाजूने मान हलवली, हे कबूल केलेलं बरं.

एका रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा मामी खाली बसून शेंगा फोडत होत्या आणि त्यांच्या कानात प्लेअरची वायर होती. मामा टेबलाशी वही उघडून बसले होते. पहिला मेमो लिहून तयार होता, फक्त सही व्हायची होती. ‘‘आन हिकडं, बंद करतो,’’ मामा म्हणाले. मामी म्हणाल्या, ‘‘अवो, थांबा की! आत्ता कुटं देवाचा जलम व्हायला लागलाय.’’ मामा थांबले. तेवढ्यात बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं. पुढचं ऐकायला मिळणार नाही म्हणून मामी उठल्या, त्यांनी टेबलावरून लोंबणारी कॉम्प्युटरची वायर घेतली आणि मेमो नाही, सही नाही, प्लेअर चालूच असताना त्यात खुपसली. मामा खुर्चीवरून अर्धे उठले. मामींनी डोळे बारीक करून प्लेअरचा पडदा पाहिला. ‘‘ह्यो कायतरी इचारतोय बगा,’’ त्या म्हणाल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी मधलं बटण दाबून टाकलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. तिच्यात अण्णांचं रेकॉर्डिंग होतं.

‘‘बंद न करता जोडलंस?’’ मामांनी विचारलं.

‘‘मग? बंद केल्यावर ऐकू कसं येनार?’’

प्लेअर बंद असताना वायर लावली तर तो नुसता चार्ज व्हायचा. चालू असताना लावली की चार्ज करू का आतलं काढून देऊ, असं विचारायचा. पण चालू यंत्राला वायर लावायची नाही, हा धडा मामांनी होटगीत तरुणपणी घेतला होता आणि तो त्यांच्या हाडात मुरला होता. म्हणून चार महिने प्रत्येक प्रयोगाआधी त्यांनी प्लेअर न चुकता बंद केला. दुकानदाराच्या हातातही बंद करूनच दिला. ‘‘काखेत कळसा आन गावाला वळसा,’’ म्हणून मामी परत शेंगांकडे वळल्या. मामांनी रेकॉर्डिंग आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, मग पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडचा आकार एकच आहे याची खात्री केली आणि मग वही पुढे ओढून कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मी’. मला हसू फुटत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. त्याच बैठकीला त्यांनी मंचावरच्या त्या माणसाला माफीचं पत्रही कागदावर लिहून ठेवलं, विषय आणि संदर्भासकट.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटलं. प्रत्येक वस्तू चारदा तपासणाऱ्या या माणसाने ते रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून पाहिलं नाही. ‘‘पयलं अण्णा ऐकंल,’’ ते म्हणाले. बॅटरीच्या कृपेने सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांपलीकडचं आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही पॅसेंजरने दुधनीला गेलो. अण्णा पत्र्याच्या पडवीत बाजेवर टेकून बसले होते. समोर स्पीकर ठेवला, पेन ड्राइव्ह लावला. आधी मेंढरांचा आवाज आला आणि मग अण्णांचा, चांगला खणखणीत. अण्णांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. अण्णा प्रथम चकित झाले, मग त्यांचा डावा हात बाजेच्या कडेवर ताल धरायला लागला आणि ओठ हलायला लागले. शेजारची माणसं येऊन उभी राहिली. कथा रंगत गेली, मराठीतून कानडीत गेली, बिरोबा जन्मला, आणि आता पुढे काय म्हणून सगळे सरसावले तोच मध्येच मामांचा आवाज आला, तरुण नाही पण आजच्याहून बराच ताठ.

‘‘अण्णा, थांब जरा. रेकॉर्ड हुतंय का बगू दे.’’

ओवी थांबली. मग अण्णा हसल्याचा आवाज. ‘‘बग बाबा, बग तुजं यंत्र. तुला कवा दम निगालाय? ऱ्हायलेलं म्हनू की परत कवातरी.’’ त्यानंतर खट् असा आवाज झाला आणि सगळं संपलं.

मामा स्पीकरकडे बघत राहिले. मला वाटलं, हा माणूस आता रडेल. पण अण्णा हसत होते. आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते. त्यांनी डाव्या हाताने मामांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. मामांनी मान खाली घालून तो घेतला.

परतीच्या गाडीत मला राहवेना. मामांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, ‘‘शेवटचा तो तुकडा कापता येतो. ओवी तेवढी ठेवू. तुम्ही मध्ये बोललात ते कुणाला कळणार नाही.’’ मामींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून मामांच्या हातात दिली, ती त्यांनी तशीच धरून ठेवली.

‘‘नगा कापू,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीचं समदं बिरोबाचं हाय. तेवडंच त्यो माज्यासंगं बोललाय.’’